शिळफाट्यावरील चार तास

प्रवासवर्णन म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें हिमालयाचीं शिखरें, काशीचे घाट, अगर सातासमुद्रांपलीकडील एखादें राजधानीचें शहर उभें राहतें. पुण्याहून सकाळीं निघून रात्रीं परत येण्याजोग्या एखाद्या तिठ्याविषयीं कोणी लिहील व तें कोणी वाचील, अशी अपेक्षा सहसा नसते. तथापि ज्या रस्त्यावरून माणूस शंभर वेळां जातो, तोच रस्ता त्याला सर्वांत कमी ठाऊक असतो, असा अनुभव आम्हांला गेल्या आषाढांत आला. मुंबई–पुणें प्रवास आम्ही लहानपणापासून करीत आलों. बोरघाट उतरला कीं खोपोली, मग शिळफाटा, आणि तेथून पुढें पनवेल. एवढाच त्या भागाचा आमच्या लेखीं भूगोल होता. शिळफाट्यावर कधीं पायउतार व्हावें लागेल हें स्वप्नांतहि आलें नव्हतें. पण त्या दिवशीं आम्हीं तेथें चांगले चार तास काढले. आणि त्या चार तासांत जें पाहिलें, ऐकलें व शिकलों, तें वाचकांच्याहि उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

संकष्टीचा दिवस होता. मातोश्रींचें वय ८४. महडचा वरदविनायक व पालीचा बल्लाळेश्वर या दोन्ही देवांचें दर्शन एकाच दिवशीं घडावें, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा. आमचे थोरले बंधू, वहिनी, मातोश्री, आमचा पुतण्या व आम्ही अशीं पांच माणसें पहांटे निघालों. गाडी पुतण्याची, नवी कोरी. ती पेट्रोलवरहि चालते व विजेवरहि. रात्रीं घरच्या प्लगला तिची वायर लावून ठेवावी, म्हणजे सकाळीं चाळीसपन्नास किलोमीटर केवळ विजेवर जातां येतें. पुढें पेट्रोलचें इंजिन आपोआप कामाला लागतें. अशा गाड्यांना प्लग-इन हायब्रिड म्हणतात. पुतण्याच्या गाडींत पुढच्या चाकांना इंजिन व मागच्या चाकांना विजेची मोटर अशी वांटणी होती. मात्र हें आम्हांला त्या वेळीं ठाऊक नव्हतें, आणि सारी कथा येथूनच सुरू होते.

द्रुतगती मार्ग सोडून आम्ही मुद्दाम जुन्या घाटानें उतरलों, कारण मातोश्रींना शिंग्रोबाला नाणें वाहावयाचें होतें. घाटांत रस्त्याच्या कडेस या देवाचें लहानसें देऊळ आहे. शिंग्रोबा हा धनगर. इंग्रजांच्या इंजिनियरांना घाटाची वाट सांपडेना, ती यानें आपल्या गुरांमागून हिंडतां हिंडतां ठाऊक झालेल्या पाउलवाटेनें दाखविली. बक्षीस काय हवें असें विचारतां ‘आमच्या लोकांना स्वातंत्र्य द्या’ म्हणाला, आणि त्याबद्दल गोळीला बळी पडला, अशी आख्यायिका सांगतात. इतिहासाला ती कितपत मान्य होईल तें होवो. पण वाट दाखविणाऱ्याची आठवण ठेवल्याशिवाय घाट ओलांडूं नये, ही मालमोटारवाल्यांची रीत आम्हांला मोठी शहाणपणाची वाटते.

खोपोलीच्या खालीं आलों तेव्हां साडेआठाचा सुमार होता. पाऊस मुसळधार नव्हता, परंतु अखंड होता. शिळफाट्यापाशीं मागून एक लादलेला ट्रक भोंगा वाजवीत आला. त्याला वाट द्यावी म्हणून पुतण्यानें गाडी डावीकडे घेतली. रस्त्याच्या कडेला कसलातरी चर खणून नुकताच बुजविला होता. वरून जमीन साफ सपाट, आंत निव्वळ चिखल. डावीकडील दोन्ही चाकें एकदम खालीं गेलीं, गाडीचें पोट कडेला टेकलें, आणि मातोश्री वहिनींच्या अंगावर कलंडल्या. कोणाला इजा झाली नाहीं, हीच गजाननाची कृपा.

अशा प्रसंगीं महाराष्ट्रांत मदतीला माणसें कोठून येतात तें सांगतां येत नाहीं, पण येतात. समोरच्या चहाच्या टपरीवरून चारपांच जण धांवत आले. मातोश्री व वहिनी यांना उजवीकडच्या वरच्या दारानें हळूच उतरवून टपरीच्या बाकावर बसविलें. मग ‘हैय्या’ म्हणून ढकलणें सुरू झालें. चाकें गरगर फिरत, चिखल उडे, आणि गाडी आणखी चार बोटें खालीं जाई. कोणी म्हणालें, चाकाखालीं दगड लावा. आम्हीं धोतर खोंचून मागच्या डाव्या चाकापुढें एक मोठा दगड सारला, आणि तो नीट बसवावा म्हणून हात पुढें केला. गाडीचा कसलाच आवाज येत नव्हता. ती बंद आहे असें आम्ही समजत होतों. आंत पुतण्या समजत होता कीं सर्व मंडळी बाजूला झालीं. त्यानें पाय दाबला.

इंजिनाची घरघर नाहीं, धूर नाहीं, कसलीच सूचना नाहीं. चाक एकाएकीं भिरभिरलें, आणि आमच्या बोटांजवळचा तो दगड गोळ्यासारखा मागें उडून टपरीच्या पत्र्यावर आदळला. टपरीवाल्याचा दहाबारा वर्षांचा मुलगा क्षणापूर्वीं त्या रेषेंत उभा होता. मातोश्रींना पाणी द्यावयाला तो वळला म्हणून वांचला. सगळे स्तब्ध झाले. पुतण्या खालीं उतरला तेव्हां त्याचे हात कांपत होते. आम्ही वयानें मोठे, चार पुस्तकें वाचलेले; पण चाकाजवळ हात घालण्यापूर्वीं ‘गाडी बंद केलीस का रे?’ एवढें विचारण्याची बुद्धि आम्हांला झाली नव्हती. पेट्रोलची गाडी सुरू आहे कीं बंद, हें कानांनीं कळतें. विजेची गाडी कानांना फसविते. तिच्या समोरच्या पाटीवर ‘तयार’ असा दिवा लागलेला असला, तर ती कितीहि निश्चल दिसो, ती जागीच आहे असें समजावें.

टपरीवाल्यानें फोन करून क्रेन बोलाविली. ती अर्ध्या तासांत आली. क्रेन म्हणजे नेहमीं दिसते तीच: मागें एक बूम, तिला सांखळी व आंकडा. चालकानें गाडीकडे एकदां पाहिलें आणि म्हटलें, “पुढची चाकं उचलतो, मागची जमिनीवर राहतील. गॅरेजपर्यंत नेऊन सोडतो. वीस मिनिटांचं काम.”

दादांना तें एकदम पटलें. त्यांना घाई होती ती स्वतःसाठीं नव्हे. मातोश्री उपाशी, पाऊस चालू, दर्शनाची वेळ टळत चाललेली. “लावा आंकडा,” ते म्हणाले. तेवढ्यांत क्रेनवरचा पोरगेला मदतनीस गाडीभोंवतीं एक फेरी मारून आला. पेट्रोलच्या झांकणाशिवाय आणखी एक झांकण पाहून तो थबकला.

“काका, ही चार्जिंगची गाडी आहे ना?”

“दोन्ही आहे. पेट्रोलचीहि आणि चार्जिंगचीहि.”

“मग मागच्या चाकांना मोटर आहे काय?”

आम्ही दादांकडे पाहिलें, दादांनीं पुतण्याकडे, आणि पुतण्यानें गाडीकडे. कोणालाच सांगतां येईना.

“मोटर असेल तर चाकं जमिनीवर फिरवायची नाहीत,” तो म्हणाला. “सपाट गाडीवर चढवूनच न्यायची. तुमच्या पुस्तकांत लिहिलेलं असेल, बघा.”

पुस्तक पुढच्या खणांत होतें. तें ज्या प्लॅस्टिकच्या पिशवींतून आलें, त्याच पिशवींत, चिकटपट्टीहि न काढलेलें! गाडी घेऊन तीन महिने झाले होते. आमच्या घरांत पंचांगापासून ज्ञानकोशापर्यंत सर्व वाचतात. पण ज्याच्यावर पांच माणसांचा जीव सोंपविला होता, तें पुस्तक कोणीं उघडलें नव्हतें. पुतण्यानें तें तेथेंच छत्रीखालीं उघडलें. मुलगा म्हणाला तेंच शब्दशः निघालें: मागची अगर पुढची कोणतीच चाकें जमिनीवर ठेवून गाडी ओढून नेऊं नये, चारी चाकें उचलून न्यावी.

येथें दादांचा स्वभाव सांगणें अवश्य आहे. त्यांचीं छत्तीस वर्षें वीज मंडळाच्या नोकरींत गेलीं. एखादी गोष्ट चुकली तर ती दुसऱ्यानें दाखवावी हें त्यांना फारसें आवडत नाहीं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते डोंगराकडे पाहात राहिले आणि आपल्याशींच हंसले.

“अरे, हें मला कळायला हवें होतें,” ते म्हणाले. “त्या ढगामागें काय आहे?”

त्या ढगामागें खोपोलीचें वीजगृह आहे. लोणावळें, वळवण व शिरोटा या तलावांचें पाणी पांचशें मीटरांहून अधिक उंचीवरून लोखंडी नळांतून खालीं येतें, चक्रें फिरवितें, आणि चक्रांबरोबर जनित्रें फिरून वीज होते. टाटांनीं उभारलेल्या या कारखान्याची वीज १९१५ सालीं मुंबईच्या गिरण्यांना मिळूं लागली. पुढें भिवपुरीचें वीजगृह १९२२ मध्यें, आणि भिऱ्याचें १९२७ मध्यें निघालें. काम संपलेलें तें पाणी पाताळगंगेंत जातें, व त्यावर खालच्या मुलखाची तहान भागते.

“पाण्यानें चक्र फिरविलें कीं वीज होते,” दादा सांगूं लागले, “तसेंच रस्त्यानें चाक फिरविलें कीं वीज होते. मोटर आणि जनित्र हीं दोन यंत्रें नव्हेत, एकच यंत्र. वीज दिली कीं फिरतें, आणि फिरविलें कीं वीज देतें. गाडी उतारावर असतां हीच मोटर बॅटरी भरते. पण गाडी बंद असली म्हणजे त्या विजेला जायला वाट नाहीं. क्रेन ओढीत जाणार, चाक फिरत राहणार, वेग वाढेल तसा दाब चढणार. आंतलीं नाजूक उपकरणें जळायचीं. गरम होऊन प्रसंगीं आग लागायची. शिवाय तेल फिरविणारा व थंड ठेवणारा पंपहि बंद. वीस मिनिटांचें काम केवढ्याला पडलें असतें!”

क्रेनवाल्याला त्या दिवशींची मजुरी मिळाली नाहीं. त्याच्या मदतनिसानें खरें बोलून ती घालविली होती. चालक त्याला कांहीं बोलेल असें वाटलें, पण तोहि मान डोलावून म्हणाला, “बरं झालं सांगितलंस. नाहीतर उद्यां साहेबांनीं मलाच धरलं असतं.” येण्याजाण्याच्या डिझेलाचे पैसे मात्र त्यानें मोजून घेतले, आणि तें योग्यच होतें.

आतां मातोश्रींचा प्रश्न राहिला. महड तेथून अवघें पांचसहा किलोमीटर. वहिनींनीं सुचविलें कीं त्यांनीं दोघींनीं रिक्षानें पुढें व्हावें. मातोश्री ऐकेनात. “घरचीं माणसें चिखलांत उभीं ठेवून मी देवापुढें कशी बसूं?” त्या म्हणाल्या. तेव्हां वहिनी शांतपणें म्हणाल्या, “आई, आपण येथें बसलांत तर यांचें लक्ष गाडीकडे राहणार नाहीं, आपल्याकडे राहील, आणि मघांसारखी चूक पुन्हां होईल.” या बोलण्यावर उत्तर नव्हतें. रिक्षा आली, दोघी गेल्या. आमच्या मतें त्या दिवशीं घेतलेला सर्वांत शहाणा निर्णय तोच. गाडी अडली म्हणजे माणसांनींहि तिच्याबरोबर अडून बसलें पाहिजे, असा कोठें नियम आहे?

पुतण्यानें मदतकेंद्राला फोन करून सपाट पाठीची गाडी मागविली. फ्लॅटबेड म्हणतात ती हीच. “कोठें आहां?” “शिळफाटा. जुना मुंबई–पुणें रस्ता.” “एका तासांत येते.” तास झाला, गाडीचा पत्ता नाहीं. मग त्या चालकाचाच फोन आला.

“साहेब, मी शिळफाट्यावर उभा आहें. तुम्ही कुठं आहांत?”

“आम्हीहि शिळफाट्यावरच आहोंत!”

“कल्याणचा रस्ता तुमच्या कुठल्या हाताला?”

येथें कल्याणचा रस्ता आणावा कोठून? मग उलगडा झाला. शिळफाटे दोन आहेत. एक हा, रायगड जिल्ह्यांत खोपोलीचा. दुसरा ठाणें जिल्ह्यांत, मुंब्र्याच्या पुढें, जेथून कल्याणचा रस्ता फुटतो. मौज अशी कीं ठाणें–मुंब्रा–पनवेल हाहि जुन्या मुंबई–पुणें रस्त्याचाच भाग. म्हणजे एकाच जुन्या रस्त्यावर एकाच नांवाचे दोन फाटे. मुंबई–अहमदाबाद वेगवान रेल्वेचा २१ किलोमीटरांचा बोगदा ज्या शिळफाट्याशीं संपतो तोहि ठाण्याकडचाच. दोहोंमध्यें सुमारें पन्नास किलोमीटरांचें अंतर. फोनवरून नकाशांतली नेमकी जागा पाठविण्याची सोय हाताशीं असतां आम्ही केवळ नांवावर विसंबलों, आणि एका तासाचे तीन तास झाले.

तेवढ्या वेळांत चहाचे तीन फेरे झाले, आणि गप्पांना ऊत आला. या तिठ्याची खरी महती तेव्हां आम्हांला कळूं लागली. शिळफाटा म्हणजे घाटाचा उंबरठा. येथें जो येतो तो एकतर घाट चढण्यापूर्वीं श्वास घेत असतो, नाहींतर घाट उतरून श्वास सोडीत असतो; आणि ज्याचें यंत्र अगर जनावर थकतें, तें बहुधा याच परिसरांत. हें आजचें नव्हे. सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दींत, १८३० सालीं बोरघाटांतून चाकांच्या गाड्यांना जाण्याजोगा रस्ता खुला झाला. त्याच्याहि आधीं नाना फडणिसांनीं खोपोलीस महादेवाचें देऊळ व मोठें तळें बांधविलें. घाट चढणाऱ्या माणसाला व बैलाला पाणी आधीं, मग पुढची वाट, हा त्यांतला विचार.

रेल्वेची कथा तर याहून चित्तवेधक आहे. १८५६ मध्यें मुंबईकडील लोहमार्ग खोपोलीपर्यंत आला, आणि १८५८ मध्यें घाटमाथ्यावरून खंडाळा ते पुणें असा मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र अजून फुटावयाचा होता. तोंपर्यंत उतारू खोपोलीस उतरत; मग कोणी पालखींत, कोणी तट्टावर, कोणी बैलगाडींत घाट चढे, आणि वर पुन्हां आगगाडींत बसे. घाटाच्या कामाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हे १८५९ मध्यें, हिंदुस्थानांत पाऊल ठेवल्यावर थोड्याच दिवसांत वारले. तेव्हां त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनीं कंत्राट सोडून न देतां जाणते इंजिनियर नेमून तें काम तडीस नेलें. २१ एप्रिल १८६३ रोजीं घाट खुला झाला. या कामांत पटकीनें व अपघातांनीं मजुरांचा फार मोठा संहार झाला; त्यांचीं नांवें कोठेंहि कोरलेलीं नाहींत. आमच्या भगिनीवर्गाला ॲलिसबाईंचें नांव ठाऊक असावें, आणि सर्वांनाच त्या मजुरांचें स्मरण असावें.

घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट इतका. म्हणून कर्जतास गाडीला मागून ढकलणारीं इंजिनें जोडतात, त्यांना बँकर म्हणतात. १९२९ मध्यें पुण्यापर्यंतच्या मार्गावर वीज आली. त्या काळच्या मालगाड्यांच्या विजेच्या इंजिनाला रेल्वेचे लोक ‘खेकडा’ म्हणत. तें इंजिन घाट उतरतांना आपल्याच मोटरांना जनित्र बनवून वेग आंवरीत असे, व झालेली वीज वरच्या तारेंत परत सोडीत असे. दादांनीं हें सांगितलें तेव्हां आमच्या लक्षांत आलें कीं पुतण्याच्या नव्या गाडींत जें नवल म्हणून आम्हांला दाखविण्यांत आलें होतें, तें या डोंगरांत शंभर वर्षांपूर्वींच रुळलें होतें. फरक एवढाच कीं तेथें विजेला जायला तार होती; आमच्या बंद गाडींत ती वाट नव्हती.

टपरीवर पावसाच्या गोष्टी निघाल्या. याच खालापूर तालुक्यांत १९ जुलै २०२३ च्या रात्रीं इर्शाळवाडीवर दरड कोसळली, आणि झोंपेंतलीं माणसें घरांसकट गाडलीं गेलीं. टपरीवाला तें सांगतांना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून होता. ज्या पावसानें तेवढा घात केला, त्यानें आमचीं दोन चाकें चिखलांत घातलीं. मघांपर्यंत आम्ही दर्शन चुकल्याची कुरकुर करीत होतों, ती आपोआप थांबली.

सव्वाबाराच्या सुमारास फ्लॅटबेड आली. तिच्या चालकाची कामाची रीत पाहण्याजोगी होती, म्हणून ती क्रमानें सांगतों. त्यानें प्रथम दोर काढला नाहीं. वांकून गाडीचें पोट पाहिलें: मोठी बॅटरी तेथेंच असते, तिचें कवच चेपलें आहे काय, कसला वास, धूर अगर फुसफुस आहे काय. मग आंत पाणी शिरलें नाहीं याची खातरजमा केली. नंतर गाडी न्यूट्रलमध्यें घालावयास सांगितलें, तों गाडीला जागच येईना! चार तास चारी इंडिकेटर लुकलुकत ठेवून आम्हीं लहान बॅटरी संपविली होती. अशा गाड्यांत दोन बॅटऱ्या असतात. चालविणारी मोठी बॅटरी शेंकडों व्होल्टांची. पण दारें, दिवे, चाकांचा विजेचा ब्रेक व गिअर यांना हुकूम देणारी बारा व्होल्टांची लहान. ही लहान बॅटरी संपली कीं मोठींत कितीहि वीज असो, गाडी निर्जीव. त्यानें बॉनेटखालच्या, पुस्तकांत दाखविलेल्याच टोंकांना आपल्या बॅटरीच्या तारा जोडल्या, गाडी जागी झाली, आणि न्यूट्रल लागलें. नारिंगी रंगाच्या जाड तारांकडे बोट दाखवून तो पुतण्याला म्हणाला, “यांना कधीं हात लावायचा नाहीं. मीसुद्धां लावीत नाहीं.”

ओढण्याचें कडें गाडीच्या हत्यारांच्या पेटींत होतें. तें बंपरमधील लहान झांकण काढून आंत पिळावयाचें. पुतण्या नेहमींच्या दिशेनें पिळीत होता, तें बसेना. चालकानें उलट दिशेनें पिळलें, तों बसलें. कित्येक गाड्यांत त्याचे आटे उलटे असतात, असें तो म्हणाला. फावड्यानें चाकांपुढचा चिखल काढून उतार केला, खालीं फळ्या घातल्या. मग सर्वांना दोराच्या लांबीहून दूर उभें केलें. कारण ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा येतो. विंचनें गाडी सरळ रेषेंत, मुंगीच्या पावलानें, चार मीटर ओढून फळ्यांवर घेतली आणि तशीच पाठीवर चढविली. चारी टायरांवरून पट्टे आंवळले. चेसिसला किंवा चाकाच्या दांड्यांना आंकडा कोठेंहि लावला नाहीं. हें सारें अर्ध्या तासांत झालें. पहिल्या घाईंत आम्ही जें करणार होतों त्याहून हें फार सोपें होतें. उणीव होती ती धीराची.

आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं आतां अशा गाड्या येत आहेत. म्हणून मिळालेला धडा थोडक्यांत नमूद करितों. गाडी अडली कीं आधीं माणसें उतरवून रस्त्यापासून दूर न्यावीं, व मागें पुरेशा अंतरावर लाल त्रिकोण ठेवावा. गाडी पुरती बंद करून, किल्ली लांब नेऊन, मगच चाकांजवळ जावें. चाकें रुतलीं असतां वेग देऊन तीं फिरवीत बसूं नये. चिखलांतून चार मीटर काढणें निराळें, आणि रस्त्यानें ओढून नेणें निराळें. पहिलें कड्याला पट्टा लावून सावकाश करतां येतें, दुसरें चारी चाकें उचलल्याशिवाय करूं नये. धूर, वास अगर फुसफुस आढळली, किंवा गाडी पुरांत बुडाली असली, तर तिच्यापाशीं न जातां ११२ ला कळवावें. अशी गाडी नंतरहि घरापासून पंधरा मीटर तरी दूर उभी करावी, कारण बिघडलेली बॅटरी कांहीं तासांनीं, क्वचित् कांहीं दिवसांनींहि, पेट घेऊं शकते. जागा सांगतांना गांव व जिल्हा दोन्ही सांगावीं. आणि गाडीबरोबर आलेलें पुस्तक पहिल्याच दिवशीं, घरांतल्या सर्व जाणत्या माणसांनीं, निदान ओढण्याच्या प्रकरणापुरतें तरी वाचावें.

गाडी पुण्याकडे गेली. निघतांना दादांनीं क्रेनवरच्या त्या मुलाची चौकशी केली. तो दुसऱ्या कामावर गेला होता. टपरीवाल्याच्या मुलाला आम्ही खाऊला पैसे देऊं लागलों, ते त्यानें बापाकडे पाहून मगच घेतले.

महडास पोंचलों तेव्हां दीड वाजून गेला होता. १७२५ सालीं सुभेदार बिवलकरांनीं हें देऊळ बांधविलें; येथील नंदादीप १८९२ पासून अखंड तेवत आहे असें सांगतात. मातोश्री सभामंडपांत जप करीत बसल्या होत्या. त्यांनीं गाडीविषयीं कांहींच विचारलें नाहीं. आमचा हात हातांत घेऊन पांचहि बोटें एकदां पाहिलीं, आणि सोडून दिला. टपरीवर त्यांनीं सारें पाहिलें होतें तर.

पालीचें दर्शन राहिलें. परत येतांना खोपोलीहून लहान गाडीनें कर्जत, व तेथून पुण्याच्या गाडींत बसलों. कर्जतास मागून बँकर लागल्याचा हलकासा धक्का बसला. दादा खिडकीपाशीं बसून ऐकत होते. “हें बघा,” ते म्हणाले, “ढकलायचें तर असें ढकलावें. कोण ढकलतें आहे, हें पुढच्याला ठाऊक; आणि कधीं थांबायचें, हें मागच्याला.” पुतण्या तेव्हां मांडीवर तें पुस्तक घेऊन दुसरें प्रकरण वाचीत होता.

घरीं आलों तेव्हां आभाळ भरलेलेंच होतें. चंद्र दिसला नाहीं. पंचांगांतील चंद्रोदयाची वेळ पाहून मातोश्रींनीं नैवेद्य दाखविला, आणि सर्वांनीं उपास सोडला.